टनाला 3 ग्रॅम सोनं म्हणे! आधी हिशोब तर बघा

गेले काही दिवस सगळ्या ग्रुपवर तो मेसेज फिरतोय. सिंधुदुर्गातल्या खडकात टनाला 3 ग्रॅम सोनं आहे, ग्रॅमला 10 हजार धरले तरी टनाला 30 हजार, रोज 50 टन फोडले की रोजचे 15 लाख, वर्षाला 55 कोटी, एक पोकलेन आणि एक क्रशर पुरे, जमीन तर आपलीच, फक्त सरकार काढू देत नाही. खाली मुंबईच्या चाकरमान्यांना आवाहन, पार्टनर व्हा. मी चिरेखाण आणि क्रशरचे हिशोब लिहितो, त्यामुळे तो गुणाकार बघून राहवलं नाही.

सगळं काही खोटं नाहीये. 2022 मध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनीच चंद्रपूर आणि सिंधुदुर्गात सोन्याचे ब्लॉक (खनिजाचे पट्टे) असल्याचं सांगितलं होतं. पण खडकात सोनं असणं वेगळं आणि ते काढून चार पैसे उरणं वेगळं.

पहिलं म्हणजे हे 3 ग्रॅम आले कुठून? सोनं खडकात मीठ विरघळल्यासारखं सारखं पसरलेलं नसतं, गारेच्या (क्वार्ट्झच्या) शिरेत कुठेतरी कण असतो आणि पुढे वावभर काहीच नसतं. एक घन मिलिमीटरचा सोन्याचा कण, म्हणजे मोहरीएवढा पण नाही, त्याचं वजन साधारण 19 मिलिग्रॅम. तो तुमच्या एक किलोच्या नमुन्यात आला तर रिपोर्ट येणार टनाला 19 ग्रॅम, आणि हातभर बाजूचा दगड उचलला असता तर शून्य. म्हणून एकदोन दगडांच्या रिपोर्टवर कोणी खाण टाकत नाही, ठरावीक अंतरावर ड्रिलिंग करून कोअर (खडकाच्या लांब कांड्या) काढतात, त्याचेच पैसे भरपूर लागतात आणि ते परत मिळतीलच असं नाही. (इंडोनेशियात बुसांगला तर नमुन्यांतच बाहेरचं सोनं मिसळलं होतं, 1997 ला ते उघडं पडलं आणि ब्रे-एक्स या कॅनडाच्या खाण कंपनीचे शेअर कागदाच्या भावाने गेले.)

चला, 3 ग्रॅम खरे धरू. शीर 40 सेंटीमीटर जाड असेल तर माणूस आणि मशीन आत जायला निदान 1.2 मीटर तोडावं लागतं, बाजूचा खडक रिकामा, म्हणजे झाला टनाला 1 ग्रॅम. आता क्रशर पुरे म्हणतात त्याचं. क्रशर खडी देतो हो! सोन्याचे बारीक कण सुटायला दगड मैद्यासारखा दळावा लागतो, त्याला बॉल मिल (लोखंडी गोळ्यांनी दळणारा फिरता पिंप) लागते, वीज लागते, पाणी लागतं. सायनाईडमध्ये सोनं विरघळवून काढणाऱ्या चांगल्या प्लांटमध्ये 90 टक्क्यांच्या आसपास सोनं हाती येतं, पण साध्या हलत्या टेबलवर पाण्याने धुऊन 60 टक्के आलं तरी नशीब समजा. म्हणजे 0.6 ग्रॅम, 6 हजार रुपये. त्यातून सरकारची रॉयल्टी 4 टक्के, आणि ती हाती आलेल्या सोन्यावर नाही तर दगडात असलेल्या सोन्यावर, म्हणजे गाळात वाहून गेलेल्याचीही भरा, 400 रुपये गेले. 30 हजाराचे झाले 5,600, आणि अजून ब्लास्टिंग, डिझेल, मजुरी, व्याज काहीच धरलेलं नाही. बाजारात तुरी ती हीच.

"वर्षाला 55 कोटी" हे तर 365 दिवस धरून काढलंय. मृगापासून पुढे खड्ड्यात पाणी भरलं की चिरेखाणी पण बंद असतात, इथे पोकलेन काय पोहायला लावणार? बँकेचा हप्ता मात्र पावसातही चालू. आणि दळलेला गाळ ठेवायला पक्का बंधारा लागतो, तो फुटला तर गाळ व्हाळातून (ओढ्यातून) थेट खाडीत.

माल किती आहे हे तर मेसेजमध्ये कुठेच नाही. 2020 मध्ये उत्तर प्रदेशात सोनभद्रला 3,000 टन सोनं सापडल्याची बातमी देशभर गाजली, मग जीएसआयने (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) खुलासा केला की खनिज आहे सुमारे 52,806 टन, टनाला 3.03 ग्रॅम, मिळून सोनं साधारण 160 किलो. तुमच्या रोज 50 टनांच्या हिशोबाने वर्षाला 200 दिवस काम धरलं तर पाचसव्वापाच वर्षांत खाण संपली, मिलचे पैसे तेवढ्यातच वसूल करायचे.

"जमीन आपलीच". सातबारा तुमचा असला तरी सोनं काढायला मायनिंग लीज लागते आणि 2015 पासून ती लिलावाने मिळते, त्यात बोलीचा प्रीमियम रॉयल्टीच्या वर वेगळा.

एक मान्य, भाव चढले की कालचा टाकाऊ दगड आज परवडू शकतो. पण उलटंही होतं, कर्नाटकातली कोलारची सोन्याची खाण जगातल्या सगळ्यात खोल खाणींपैकी एक होती, खालून आणायचा खर्च सोन्याच्या किमतीच्या वर गेला आणि 2001 मध्ये बंद करावी लागली.

मेसेजची शेवटची ओळ सगळ्यात वाईट आहे, "पारा वापरून घरच्या घरी सोनं वेगळं करा". असलं काही करू नका. पारा तापवला की वाफ घरातल्या पोरांच्या छातीत जाते, उरलेला पाण्यातून माशात उतरतो, आणि तो मासा परत आपल्याच ताटात.