नोव्हेंबरची वाट बघू नका, जूनमध्ये मत द्या

न्यूयॉर्कमध्ये राहणारे, अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेले आणि मतदार नोंदणीच्या फॉर्मवर ‘कोणत्याच पक्षात नाव नको’ अशी खूण करून मोकळे झालेले जे माझे मराठी मित्रमैत्रिणी आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. ती खूण बदला. तुमच्या भागात ज्या पक्षाचं चालतं, त्या पक्षात नाव नोंदवा आणि प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या जूनमधल्या निवडणुकीत, मत द्या.

आपण असं का करतो ते मला कळतं. आपल्या मनात पक्षाचा माणूस म्हणजे गळ्यात उपरणं, मागे झेंडे आणि साहेबांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स. नोकरदार घरांत तर लहानपणापासून शिकवण एकच, त्या भानगडीत पडायचं नाही. पण इथली पक्षनोंदणी ही तशी गोष्टच नाही. वर्गणी नाही, सभेला जायची सक्ती नाही. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत कुणालाही मत द्यायला तुम्ही मोकळे. नाव कुठल्या पक्षात आहे हे सरकारी यादीत दिसतं, निवडणुकीच्या दिवसांत पत्रकं आणि फोन येतात, हे खरं. मत मात्र गुप्तच राहतं.

आता पक्षात नाव घातल्याने मिळतं काय, ते बघा. आपल्याकडे तिकीट कुणाला हे वरून ठरतं. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत एबी फॉर्म कुणाच्या हातात पडणार याची उमेदवारांनाही खात्री नसते, मतदाराला तर कुणी विचारतच नाही. इथे तोच निर्णय मतदाराच्या हातात दिलाय. आणि आपण तो स्वतःहून सोडून देतो, कारण न्यूयॉर्कची प्रायमरी बंद आहे: ज्या पक्षात नाव, त्याच पक्षाच्या प्रायमरीत मत. नाव कुठेच नसेल तर घरी बसायचं. या शहरात असे दहा लाखांहून जास्त मतदार आहेत.

शहरात नोंदणीकृत डेमोक्रॅट रिपब्लिकनांच्या सुमारे सहापट आहेत. त्यामुळे सिटी कौन्सिल असो की राज्याची असेंब्ली, बहुतेक ठिकाणी खरी लढत जूनमध्ये होते. आमच्या क्वीन्सचंच उदाहरण घ्या. 2019 च्या जूनमध्ये डिस्ट्रिक्ट अॅटर्नीच्या पदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरी झाली. कुणावर खटला भरायचा, कुणाला सोडायचं, हे ठरवणारं पद. मेलिंडा कॅट्झ आणि टिफनी काबान यांच्यातला फरक फेरमोजणीनंतर शंभर मतांच्याही आत होता. शंभर! एका गणेशोत्सवाच्या जेवणाच्या पंगतीत आपण याहून जास्त माणसं असतो. नोव्हेंबरमध्ये कॅट्झ सहज निवडून आल्या. 2018 मध्ये अलेक्झांड्रिया ओकासियो-कोर्टेझ यांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीत जो क्राउली यांना हरवलं तेव्हाही तेच. क्राउली 1999 पासून काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत होते, डेमोक्रॅटिक पक्षाचे मोठे नेते. सुमारे सात लाख वस्तीच्या त्या मतदारसंघात निकाल लावला तीस हजारांच्या आसपास लोकांनी.

2025 च्या महापौर निवडणुकीबद्दल आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर महिनोन्‌महिने वाद चालले. ममदानी हवेत की क्युओमो, यावर माणसं हिरीरीने भांडली. त्यातल्या कितीतरी जणांना जूनच्या प्रायमरीत मतच देता आलं नाही. क्युओमो नंतर अपक्ष उभे राहिले म्हणून नोव्हेंबरमध्ये पुन्हा संधी मिळाली, पण दर वेळी तसं होत नाही.

‘मनाने त्या पक्षाचे नसताना नाव घालणं ही फसवणूक नाही का?’ असं मला बरेच जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं: हेतू काय, यावर ते ठरतं. 2008 मध्ये रश लिंबॉ या रेडिओवाल्याने रिपब्लिकन श्रोत्यांना डेमोक्रॅटिक प्रायमरीत हिलरी क्लिंटन यांना मत द्यायला सांगितलं, का, तर त्यांचं आणि ओबामांचं भांडण लांबावं. दुसऱ्याच्या घरात घुसून चूल विस्कटण्याचा तो प्रकार होता आणि मला तो अजिबात मान्य नाही. पण जो माणूस निवडून येऊन माझ्यावर कायदे करणार आहे, त्याच्या निवडीत मी सर्वांत चांगल्या उमेदवाराला प्रामाणिकपणे मत दिलं, तर त्यात कुणाची फसवणूक? याने दर वेळी यश येतं असंही नाही. 2022 मध्ये वायोमिंगमध्ये बऱ्याच डेमोक्रॅट मतदारांनी रिपब्लिकन पक्षात नाव घालून ट्रम्पविरोधी रिपब्लिकन खासदार लिझ चेनी यांना मत दिलं, तरी त्या मोठ्या फरकाने हरल्या. पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने अशा ऐनवेळच्या पक्षबदलाला कायद्याने आळा घातला. बाहेरचे येऊ लागले की दारं बंद होतात, यावरूनच त्या मताची किंमत कळते.

मिशिगनमध्ये पक्षनोंदणी नाहीच, कुणीही कुठल्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकतं. आपले बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 2022 मध्ये तिथे अमेरिकी संसदेच्या जागेसाठी नऊ उमेदवारांच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत तीस टक्क्यांपेक्षा कमी मतांवर जिंकले. नोव्हेंबरमध्ये त्यांना सत्तर टक्क्यांच्या वर मतं पडली.

न्यूयॉर्कमध्ये पक्ष बदलायची किंवा नव्याने पक्ष निवडायची मुदत 14 फेब्रुवारी आहे. नंतर पाठवलेला फॉर्म जूनच्या प्रायमरीनंतरच लागू होतो. पूर्वी हे आणखी कठीण होतं. 2016 च्या एप्रिलमधल्या प्रायमरीसाठी आदल्या ऑक्टोबरपर्यंत पक्ष बदलावा लागत होता आणि इव्हांका व एरिक ट्रम्प यांना स्वतःच्या वडिलांना मत देता आलं नव्हतं. इतर राज्यांतल्यांनी आपापल्या राज्याचा नियम आजच बघून घ्या, प्रत्येक ठिकाणी तो वेगळा आहे. आणि ग्रीन कार्डवर असलेल्यांनी या फॉर्मला हातही लावू नका. नागरिक नसताना नोंदणी केली तर पुढे नागरिकत्वच काय, देशात राहणंही धोक्यात येतं.

माझा नवरा विचाराने रिपब्लिकन आहे. तरी त्याने डेमोक्रॅटिक पक्षात नाव घातलं, कारण आमच्या भागाचा कौन्सिलमन तिथे ठरतो. त्यापायी राष्ट्राध्यक्षपदाच्या रिपब्लिकन प्रायमरीतलं मत त्याला सोडावं लागलं. हा तोटा खरा आहे, तो मी लपवत नाही. ज्यांना तो पटत नसेल त्यांनी खुशाल रिपब्लिकन पक्षात नाव घाला. फक्त कुठेतरी घाला.