नुसत्या जागा भरून एसएनसीयू चालत नाही

गोव्यातल्या नवजात विभागात, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात (एसएनसीयू), परिचारिकांची रिकामी पदे भरली की प्रश्न सुटेल, असे या विषयावरच्या लेखात म्हटले आहे. हा निष्कर्ष अर्धाच आहे. आधी हिशेब बघा. 12 खाटांना दर पाळीला तीन बाळांमागे एक परिचारिका, म्हणजे चारजणी. तीन पाळ्यांच्या 12, वर सुट्ट्या-रजांसाठी 30 टक्के धरले की 16. व्हेंटिलेटरवरच्या बाळाला स्वतंत्र परिचारिका लागते, ती वेगळीच.

गोव्यात सरकारी नोकरीला कोकणीची व रहिवासाची अट आहेच, आणि ती योग्यच. बाळंतिणीशी बोलायला भाषा हवीच. पण त्यामुळे उमेदवार मुळात कमी. म्हणून आहेत त्यांच्यात नवजात परिचर्येचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम केलेल्यांना प्राधान्य द्या, आणि नुसती लेखी परीक्षा पुरे समजू नका. बाळाच्या पुतळ्यावर बॅग-मास्कने (हाताने दाबायची हवेची पिशवी व मुखवटा) मिनिटाला 40 ते 60 श्वास देऊन दाखवायला सांगा. 1200 ग्रॅमच्या बाळाला रक्तातली साखर कमी झाल्यावर 10 टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचे द्रावण) शिरेतून किती, हे विचारा: किलोला 2 मिली, म्हणजे 2.4 मिली. इथे दशांश चिन्ह चुकले तर डोस दहापट होतो!

सगळ्यात मोठे नुकसान बदल्यांनी होते. सीपॅपची (नाकातून सतत दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राची) नळी नाक न सोलवटता बसवायला परिचारिकेचा हात तयार होतो, तोच तिला मेडिसिन वॉर्डात पाठवतात. नेमणुकीच्या आदेशातच किमान तीन वर्षे बदली नाही, असे लिहा.