आळंदी की देहू? एका प्रतिक्रियेला उत्तर

रामकृष्ण हरी काका,

पहिल्यांदा वारीला जाणाऱ्याने आळंदीहून माऊलींच्या पालखीबरोबर निघावं की देहूहून तुकोबांच्या, हे झेपेल तसं ठरवावं, असं मी एका लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘वारकरी मार्ग निवडत नाही, दिंडी नेईल तिकडे जातो. माऊलींची वाट की तुकोबांची, असा हिशेब मांडून तुम्ही वारीची सहल केलीत,’ हे तुमचं म्हणणं मनाला लागलं.

आधी माझी चूक. तुकोबांच्या वाटेवर घाटच नाही, असं मी लिहून गेलो. पाटसच्या पुढे रोटी घाट आहे. दिवेघाटाच्या मानाने लहान, पण आहे. दुरुस्ती केली आहे.

आता मुद्दा. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वारी आहे, तिथे हा प्रश्न उठतच नाही. आजोबा ज्या दिंडीत चालले, त्याच दिंडीत नातू चालतो. आमच्या घरात वारी नव्हती. आईला साठी उलटल्यावर ओढ लागली आणि 2018 साली ओळखीतून मिळालेल्या दिंडीत भिशी (जेवण-मुक्कामाची वर्गणी) भरून आम्ही माऊलींबरोबर निघालो. पुण्याहून दोन्ही पालख्या एकाच दिवशी हलतात आणि हडपसरला वाटा फुटतात. तुकोबा लोणी काळभोरला मुक्काम करतात. माऊलींना मात्र त्याच दिवशी दिवेघाट चढून सासवड गाठायचं असतं, म्हणजे जवळपास तीस किलोमीटर. सासवडला दोन मुक्काम असल्याने दुसऱ्या दिवशी पाय मोकळे होतात, पण आईचा गुडघा घाटातच गेला. पुढे जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, सगळी गावं तिने दिंडीच्या ट्रकमध्ये सामानाशेजारी बसून पाहिली. हरिपाठाला ती खाली उतरायची, टाळ हातात घ्यायची आणि रडायची. दुखण्यामुळे नव्हे. चालणाऱ्यांच्या पाया पडताना तिला वाटायचं, आपल्याला हा मान नाही.

2019 साली आम्ही देहूहून निघालो. सुरुवातीचे टप्पे अंगाला सोसले, यवत-वरवंडपर्यंत पाय तयार झाले. रोटी घाट ती हळूहळू चढली. बारामती, इंदापूर, अकलूज करत वाखरीपर्यंत चालत आली. तिथे सगळ्या संतांच्या पालख्या एकत्र येतात, तेव्हा कोण कुठल्या वाटेने आलं हे तिला कुणीही विचारलं नाही.

म्हणून सांगतो काका, पायांचा विचार करून वाट धरणं म्हणजे सहल नव्हे. पैठणहून नाथांची, त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची, मुक्ताईनगरहून मुक्ताईंची पालखी येते. आपल्या गावाला जवळची, आपल्याला झेपणारी पालखी माणसं धरतातच. ज्यांना दिंडीची परंपरा नाही, त्यांनी पहिल्या तीन दिवसांचं अंतर आणि चढ विचारून घ्यावा, हे मी पुन्हा लिहीन.

एका ठिकाणी मात्र तुमचं पूर्ण खरं आहे. ‘चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण बघायचं की बेलवाडीचं गोल, त्यावरून मार्ग ठरवा,’ असं एक वाक्य त्या लेखात होतं. रिंगण म्हणजे वारीत अश्व धावण्याचा सोहळा; यातलं पहिलं माऊलींच्या वाटेवरचं, दुसरं तुकोबांच्या. ते लिहिताना मी चालणाऱ्याचा नाही, कॅमेरा घेऊन आलेल्याचा विचार करत होतो. आज ते काढून टाकलं.