खुलासा: ‘मॉडेल एकच असलं की भंगारातला कुठलाही पार्ट चालतो’ हे अर्धसत्य

ठोकलेल्या जुन्या छोट्या गाडीबद्दल एक मजकूर फिरतोय: त्याच मॉडेलची भंगारात निघालेली गाडी शोधा, हवं ते काढा, बसवा, गाडी पहिल्यासारखी.

बॉनेट, दरवाजे, मडगार्ड, हेडलाइट, आरसे यांच्यापुरतं हे बरोबर आहे. उलट जुना मूळ पार्ट बाजारातल्या स्वस्त नकलेपेक्षा अनेकदा नीट बसतो. रंग जुळला तर नशीब!

एअरबॅग आणि सीटबेल्ट मात्र यातून वगळा. प्रीटेन्शनर (धडकेत बेल्ट आवळणारी यंत्रणा) असलेल्या बेल्टमध्ये सहसा बारूद असते. धडकेत ती एकदाच उडते आणि बेल्ट घट्ट ओढते. तसा उडालेला बेल्ट वरून धडधाकट दिसू शकतो. एअरबॅगचं तर आणखी अवघड. ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरमधलं, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागातलं, अमोनियम नायट्रेट हे स्फोटक रसायन उष्णता आणि दमटपणाने वर्षानुवर्षं खराब होत गेलं, आणि इन्फ्लेटर फुटून धातूचे तुकडे माणसांना लागले. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. भंगारातली एअरबॅग त्यातलीच नाही हे नुसतं बघून कळत नाही. काही जण तिच्या जागी रेझिस्टर (एअरबॅग जोडलेली आहे असं गाडीला भासवणारा छोटा विद्युत सुटा भाग) लावून डॅशबोर्डवरचा एअरबॅगच्या इशाऱ्याचा दिवा विझवतात. ही सरळ फसवणूक आहे.

दुसरं म्हणजे, पुढच्या चासीचे रेल (गाडीच्या सांगाड्याचे लांब दांडे) वाकले असतील तर नवा-जुना कुठलाही पार्ट रेषेत बसणार नाही. आधी मोजमाप, मग खरेदी. आणि हाय-स्ट्रेंग्थ स्टीलचा भाग गॅसवर तापवून सरळ करू देऊ नका, त्याची ताकद जाते.