पोटतिडीक घशातच ठेवावी

तर तुम्हाला प्रवचनकार व्हायचं आहे. अभिनंदन! कळकळीच्या प्रवचनाशिवाय शिष्य घडत नाहीत, असं तुम्हाला सगळेच सांगतील. ती कळकळ आणायची कुठून, हे मात्र कुणी सांगणार नाही. चाळीस वर्षं दर रविवारी आमच्या ख्रिस्ती देवळातल्या बाकावर बसून मी प्रवचनं ऐकतो आहे. चार गोष्टी सांगायचा हक्क मला असावा.

आधी आवाज. आपल्या भाषेने कळकळीला उगाच पोटतिडीक म्हटलंय. पोटात तिडीक उठू देऊ नका, पित्त खवळतं. जे काढायचं ते घशातून काढा. ‘प्रभूमध्ये प्रिय बंधु-भगिनींनो’ हे खालच्या पट्टीत आलं पाहिजे, आणि तिसऱ्या मुद्द्याला माईकने शिट्टी मारली पाहिजे. साउंडवाल्या पोराला आधीच गाठून एको वाढवून घ्या. एको लावला की ‘दुसरं म्हणजे’ एवढे दोन शब्दही देव बोलला त्या सीनाय डोंगरावरून आल्यासारखे वाटतात. रुमाल पांढरा, इस्त्रीचा. तो घाम आल्यावर काढायचा नसतो, ‘क्रूस’ हा शब्द आल्यावर काढायचा असतो.

मग विद्वत्ता. ग्रीक भाषेतला ‘अगापे’, म्हणजे निःस्वार्थ प्रेम, हा एक शब्द पाठ असला की वर्षभराची सोय होते. दर रविवारी त्याचा अर्थ नव्याने सांगा, मंडळी दर रविवारी नव्याने माना डोलावतात. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक मुळापासून शिकून घेतलं, केडगावच्या मुक्ती मिशनात बसून अख्खं बायबल मराठीत आणलं, आणि एवढं करून भाषा ठेवली सोपी, का तर साध्या बायकांना कळावी म्हणून. केवढा हा अपव्यय! एवढं ग्रीक येत असतं तर आपण कुणाला काही कळू दिलं असतं का?

उदाहरणं परदेशी बरी. ‘अमेरिकेत एक लहान मुलगा बर्फात वाट चुकला...’ श्रीरामपूरला मे महिन्यात, पंखा बंद असताना, हे फार परिणामकारक होतं. थॉमस स्टीफन्स हा जन्माने इंग्रज पाद्री, पण त्याने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत रचली आणि १६१६ साली गोव्यात राचोलला छापली. त्याचं ठीक आहे, तो परदेशी होता. आपण इथलेच. आपल्याला परदेश नको का दाखवायला?

लांबीची काळजी करू नका. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत आहेच: त्रोवस गावात प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, खिडकीत बसलेल्या युतुखाला पेंग आली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली कोसळला. लोक यातून प्रवचन आवरतं घ्यायचा बोध घेतात. तुम्ही घेऊ नका. फक्त त्यापुढची वचनं वाचायचं टाळा. पौल बोलणं थांबवून खाली गेला, मेला म्हणून उचललेल्या त्या पोराला त्याने मिठी मारली, मग वर येऊन भाकर मोडली आणि पहाटेपर्यंत बोलत बसला. तुम्ही कशाला जिने उतरताय? कुणी पडलंच तर सेक्रेटरी बघतील.

आता शिष्य घडवणं. येशूची रीत म्हणाल तर फारच वेळखाऊ. मोजून बारा माणसं, त्यांच्याबरोबर गावोगाव पायपीट, त्यांची भांडणं सोडवा, त्यांचे पाय धुवा. शेवटी पुनरुत्थान झाल्यावरही किनाऱ्यावर कोळशाच्या विस्तवावर मासळी ठेवून ‘या, न्याहारी करा’ म्हणणं. त्यापेक्षा चाळीस मिनिटांत तीनशे लोक उरकतात. वर जेवायला आपणच त्यांच्याकडे.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव जरूर घ्या. त्यांचं भजन म्हणा, डोळे मिटा. त्यांचं अनुकरण मात्र नको. १८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला १९०० साली. पाच वर्षं! एवढा शब्दप्रभू, आणि घरातलं माणूस त्याला पाच वर्षं पारखून घेतंय. म्हणून सांगतो, घरच्यांना पहिल्या बाकावर बसवत जाऊ नका. तुम्ही ‘मृदू उत्तराने राग शांत होतो’ म्हणायला आणि तुमच्या लेकीने मान वर करून तुमच्याकडे बघायला एकच गाठ पडते. आमच्याकडच्या एका पाळकांचा रुमाल त्या क्षणी हातातून खाली पडलेला मी पाहिला आहे. पुढे टिळकांनी १९१७ साली मिशनची बांधलेली नोकरी सोडली आणि संन्यासी झाले. तुम्ही पाळकघराचा नळ आधी दुरुस्त करून घ्या.

एक धोका तेवढा लक्षात ठेवा. आमच्याकडे पूर्वी एक निवृत्त मास्तर होते. पाळक सुट्टीवर असले की उपदेश त्यांच्या गळ्यात. आवाज बारीक, त्यात अडखळत बोलायचे, आणि सगळं शाळेच्या वहीच्या पानावर लिहून आणायचे. एकदा विषय होता क्षमेचा. दहाएक मिनिटं वाचलं असेल-नसेल, पान उलटलं आणि थांबले. चष्मा काढला. म्हणाले, ‘यापुढचं मी रात्री लिहिलंय खरं, पण मला स्वतःला अजून जमलेलं नाही. तेव्हा आज ते वाचत नाही.’ वही मिटली, खाली उतरले आणि सरळ तिसऱ्या बाकावर जाऊन बसले. तिथे त्यांचा धाकटा भाऊ बसला होता. बांधाच्या भांडणावरून दोघं नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. त्या दिवशीही बोलले नाहीत. नुसते शेजारी बसून राहिले, आणि थोड्या वेळाने धाकट्याने सरकून जागा करून दिली.

सगळी उपासना विस्कटली. ना एको, ना रुमाल, ना अगापे. पेटीवाल्याला पुढचं गीत कोणतं ते सुचेना, बायका पदराने डोळे पुसत होत्या, माझ्या पुढच्या बाकावरचे एक गृहस्थ मध्येच उठून बाहेर जाऊन कुणाला तरी फोन लावत होते. आणि कळस म्हणजे, त्या रविवारी अर्पणाची थैली फिरवायची राहूनच गेली.