शब्द द्यावा, कागद देऊ नये

इंदूरमध्ये नवी कंपनी काढलेल्या आणि पहिल्या दोन-तीन सहकाऱ्यांना निम्म्या पगारावर राबवून घेण्याची निकड असलेल्या संस्थापकांसाठी काही सूचना येथे देत आहे. पगाराची उरलेली बाजू भरून काढण्यासाठी कंपनीत हिस्सा देण्याचे वचन द्यावे लागते. ते देण्यात गैर काहीच नाही. फक्त ते तोंडी असावे.

त्यासाठी रात्री खाऊगल्ली होणारा सराफा बाजार उत्तम. दिवसा जेथे सोने मिलिग्रॅमपर्यंत तोलले जाते, त्याच पेढ्यांसमोर भुट्ट्याचा कीस खाताना "एक टक्का तुझाच समज" असे म्हटले की वचनाला वजन येते आणि गर्दीच्या गलक्यात साक्षीदारही उरत नाही. केवळ तोंडी आहे म्हणून करार रद्द होत नाही, ही १८७२ च्या करार कायद्याची गैरसोय आहे खरी. पण तो झाला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी मागणाऱ्यावर असते, हा मोठा दिलासा आहे. म्हणून याच विषयावर व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा दाखवण्याचाही मोह टाळावा.

बोलावे नेहमी टक्क्यांत, शेअरच्या संख्येत कधीही नाही. एक लाख रुपये भांडवल आणि दहा रुपयांचा शेअर असलेल्या कंपनीत एकूण शेअर दहा हजार होतात. त्यांचा एक टक्का म्हणजे शंभर शेअर, दर्शनी मूल्याने अवघे हजार रुपये. छप्पन दुकान या खाऊगल्लीत मित्रमंडळींना घेऊन गेलात तरी याच्या आसपास खर्च होतो. पण शंभर शेअर म्हटले की ते भागधारकांच्या नोंदवहीत शोधता येतात. टक्का मात्र आजच्या भांडवलाचा की दोन गुंतवणूकदार येऊन गेल्यानंतरच्या, हे आपण सोयीने ठरवू शकता. गुंतवणुकीच्या प्रत्येक फेरीत वीस टक्के हिस्सा नव्या गुंतवणूकदाराला गेला, तर दोन फेऱ्यांनंतर एकाचे ०.६४ उरते, आणि एवढ्यासाठी जुन्या माणसाने कुरकुर करणे बरे दिसत नाही, असे आपण मोठ्या मनाने म्हणू शकता.

वर्षभराने तो "दादा, त्या कागदाचे काय झाले?" असे विचारेल. तेव्हा फाइल ग्वाल्हेरला अडकली आहे, असे सांगावे. मध्य प्रदेशातील कंपन्यांचे निबंधक कार्यालय खरोखरच ग्वाल्हेरला असल्यामुळे हे उत्तर पटते. शेअरचे पर्याय, म्हणजे ठरलेल्या दराने पुढे शेअर घेण्याचा हक्क, देण्यासाठी निबंधकांची आधी परवानगी लागत नाही, शेअरचे वाटप झाल्यानंतर विवरणपत्र तेही ऑनलाइन भरायचे असते, आणि त्याआधी लागतो तो भागधारकांचा ठराव, जो आपण, आपली पत्नी आणि धाकटे बंधू एवढेच भागधारक असाल तर रविवारच्या पोह्यांबरोबर उरकतो, या गोष्टी त्याला सांगण्याची आवश्यकता नाही.

अगदीच इलाज नसेल, तर तीन वर्षांनी ईसॉपचे, म्हणजे कर्मचाऱ्याला असे पर्याय देणाऱ्या योजनेचे, पत्र द्यावे आणि त्यावर त्या दिवसाची तारीख घालावी. नियमाप्रमाणे पर्याय दिल्यापासून ते पक्के होईपर्यंत किमान एक वर्ष जावे लागते, म्हणजे सर्व्हर बंद पडला म्हणून त्याने जागून काढलेल्या मागच्या रात्री कायदाच हिशेबातून वगळतो. आपल्याला वाईटपणा घ्यावा लागत नाही. त्या वर्षाच्या आत त्याने राजीनामा दिला, तर पक्के न झालेले पर्याय त्याच दिवशी संपतात. त्याला राजीनामा द्यावासा वाटेल असे वातावरण कसे निर्माण करावे, हे संस्थापकांना शिकवावे लागत नाही.

या दिरंगाईचा आणखी एक लाभ आहे. सुरुवातीला दहा रुपयांना पडला असता तो शेअर आता पाच हजारांचा ठरलेला असेल, तर जुन्या दराने शंभर शेअर घेताच चार लाख नव्व्याण्णव हजार रुपये त्याच्या पगारात जमा धरून त्यावर कर लागतो. हातात मात्र ज्याला बाजारात गिऱ्हाईक नाही असा शेअर येतो. २०२० मध्ये सरकारने हा कर पुढे ढकलण्याची सवलत दिली, पण ती आंतरमंत्रालयीन मंडळाचे प्रमाणपत्र असलेल्या पात्र स्टार्टअपपुरती आहे. त्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करण्याचे अर्थातच राहून जावे. पुष्कळदा कराचा आकडा पाहून माणूस स्वतःच म्हणतो की दादा, राहू द्या. त्या क्षणी चेहऱ्यावर खंत दिसेल याची काळजी घ्यावी.

एक अडचण मात्र टळत नाही. मोठा गुंतवणूकदार पैसे देण्यापूर्वी करारात एक कलम घालतो आणि कागदावर दाखवलेल्यांखेरीज कोणाचाही, लेखी वा तोंडी, शेअरवर हक्क नाही, असे आपल्याकडून लिहून घेतो. ज्या वचनाचा चार वर्षांत कुठेही लेखी उल्लेख होऊ दिला नाही, ते दिलेलेच नाही असे येथे लेखी द्यावे लागते. सही करण्यापूर्वी पेन नीट चालते ना, ते पाहून घ्यावे. आणि कराराच्या प्रती काढण्याचे काम त्या सहकाऱ्याला सांगू नये.