‘हौशी’ या शब्दाबद्दल

नमस्कार. नदीच्या पाण्यावर काठच्या लोकांनी स्वतः नजर ठेवावी, स्वतः मोजमाप करावं, असं सांगणारा माझा लेख गेल्या आठवड्यात आला. त्याखालच्या बहुतेक प्रतिक्रियांना मी दोन-दोन ओळींत उत्तरं दिली. तुमच्या प्रतिक्रियेला तसं उत्तर देता येईना. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, म्हणून नुसतं ‘तुम्ही’ म्हणते.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. तुमचं म्हणणं असं की नदी बिघडते मैलापाण्याने आणि सुधारते शुद्धीकरण प्रकल्पांनी, आणि ते काम सरकारचं आहे. लोकांनी घेतलेल्या नमुन्यांना कायद्यात किंमत नाही. आमच्या गटात नदीकाठच्या वस्तीतलं कुणीच दिसत नाही. मी दिलेला एक आकडा चुकलेला आहे. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘दर रविवारी बाटल्या घेऊन पुलाखाली जमणारे हे हौशी लोक नदी वाचवत नाहीत, स्वतःचं समाधान वाचवतात.’

आधी आकड्याचं. तुमचं बरोबर आहे. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ४ मिलिग्रॅमच्या वर असला की ते पाणी आंघोळीला चालतं, असं मी लिहिलं होतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत ४ हा आकडा मासे आणि इतर जीवांसाठी आहे. आंघोळीच्या पाण्याला किमान ५ लागतो, शिवाय बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू जेवढा ऑक्सिजन खातात तो, लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत असावा लागतो. चूक माझी. लेखात दुरुस्ती केली आहे आणि ती दाखवून दिल्याबद्दल तुमचे आभार मानते. पण चूक दाखवायला एक ओळ पुरते. बाकीचं एवढं सगळं ज्या सुरात लिहिलंत, त्या सुराची काय गरज होती?

‘हौशी’ हा शब्द मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरते आहे.

मी ३१ वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. मुलांच्या हातून फुटलेल्या ब्युरेटचा हिशेब मी दर वर्षी मुख्याध्यापकांना दिला आहे. पाण्यातला ऑक्सिजन कसा मोजायचा हे मला कुणी रविवारच्या शिबिरात शिकवलेलं नाही. आम्ही जी पद्धत वापरतो ती विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली मांडली आणि प्रयोगशाळांत ती आजही वापरतात. तुम्ही बाटल्यांचा उल्लेख केलात, तर त्या बाटलीचंच सांगते.

३०० मिलीची काचेची बाटली असते, घट्ट बुचाची. ती पाण्याखाली आडवी धरून सावकाश भरायची. बुडबुड आवाज आला की ओतून द्यायची आणि पुन्हा भरायची, कारण त्या बुडबुड्यांबरोबर बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन आत शिरतो. बूच पाण्याखालीच लावायचं. मग काठावर येऊन, पिपेटचं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवून, आधी मँगनीज सल्फेट आणि मग अल्कली-आयोडाइड, दोन-दोन मिली सोडायचं. पुन्हा बूच लावून बाटली उलटीसुलटी करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो आणि हळूहळू तळाला बसतो. नंतर ॲसिड टाकल्यावर तो विरघळून पाणी पिवळं होतं, आणि ते पिवळेपण घालवायला थायोसल्फेट किती लागलं यावरून आकडा निघतो. ऑक्सिजन नसेल तर पुढचं काही करावंच लागत नाही. साका पांढराच राहतो.

सहा वर्षांपूर्वी मार्चमध्ये, पहाटे सव्वापाचला, पुलाच्या दुसऱ्या खांबापाशी भरलेल्या माझ्या बाटलीत साका पांढरा राहिला. टॉर्चच्या उजेडात मला वाटलं, रसायनं जुनी झाली असतील. रसायनांची नवी बाटली उघडली, पुन्हा पाणी भरलं. पांढरा. तिसऱ्यांदा भरलं. पांढरा. त्याच खांबाला धरून मी लहानपणी पाय मारायला शिकले. पाण्यात डोळे उघडले की पोटऱ्यांशी मासे दिसायचे. तिसऱ्या बाटलीनंतर मी दगडावर बसले ती उजाडेपर्यंत उठले नाही. तुम्ही ज्याला समाधान म्हणता ते मला त्या दगडावर मिळालं असं तुम्हाला वाटतं का? वाटत असेल तर तसं स्पष्ट लिहा.

आता पहाटेच का जायचं, ते. माझ्या लेखाचा गाभा तोच होता आणि तुम्ही त्याला हातही लावलेला नाही. दिवसा उन्हात पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे दुपारी आकडा वर जातो. मैलापाण्यावर शेवाळ माजलेलं असलं, तर भर दुपारी घाण नदीचा आकडा स्वच्छ नदीपेक्षाही चांगला येऊ शकतो. रात्री मात्र तेच शेवाळ ऑक्सिजन घेतं, मैल्यावर जगणारे जिवाणू तर दिवसरात्र घेतच असतात, आणि पहाटेपर्यंत पाणी रितं होतं. मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात ते त्या वेळी. कचेरीच्या वेळेत, अकरा वाजता सरकारी गाडी आली, नमुना घेतला, गेली. तर तो आकडा खोटा नसतो, पण तो अकराचा असतो. रात्री सोडलेलं पाणीही तोवर वाहून गेलेलं असतं. पहाट मोजायची तर नदीपासून चालत पोहोचेल एवढ्या अंतरावर राहणारं माणूस लागतं आणि त्याला झोपेतून उठावं लागतं. त्याचा त्याला पगार मिळत नाही म्हणून तो हौशी, हा हिशेब मला मान्य नाही.

आमच्या गटात टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते पाण्यात उतरत नाहीत, म्हणून वही ते सांभाळतात. तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, रंग, वास, फेस आहे की नाही, आदल्या दिवशी पाऊस पडला का. ११ वर्षांच्या वह्या त्यांच्या अक्षरात आहेत. तुमची प्रतिक्रिया त्यांनीही वाचली. मला फोनवर म्हणाले, ‘जाऊ द्या बाई.’ स्वतःपुरतं मी जाऊ दिलंही असतं. त्यांच्याबद्दल कुणी असं लिहिलेलं मी जाऊ देणार नाही.

लेखात जागेअभावी गाळलेलं एक उदाहरण आता देते. इंग्लंडमधल्या केनेट नदीवर २०१३ च्या जुलैत नेहमीच्या पाहणीला गेलेल्या स्वयंसेवकांना गोड्या पाण्यातल्या बारक्या कोळंब्या मिळेनाशा झाल्या. पायाने तळ ढवळायचा, पुढे जाळी धरायची, जाळीतलं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं आणि कोणता जीव किती ते मोजून लिहायचं, एवढंच त्यांना शिकवलेलं होतं. पाणी नितळ होतं. मासे जिवंत होते. पुलावरून बघणाऱ्याला काहीही वावगं दिसलं नसतं. त्यांनी सरकारी यंत्रणेला कळवलं आणि तपासणीत क्लोरपायरीफॉस निघालं, पिकांवर फवारतात ते कीटकनाशक. सुमारे १५ किलोमीटरच्या पट्ट्यातले कीटक आणि कोळंब्या मेल्या होत्या. त्या देशात यंत्रणा नव्हती का? होती, आणि आपल्यापेक्षा सुसज्ज होती. तरी पहिल्यांदा लक्षात आलं ते ट्रेवर वाकून कोळंब्या मोजणाऱ्या लोकांच्या. त्यांनाही तुम्ही हौशीच म्हणणार.

कायद्याबद्दल तुम्ही फार खात्रीने लिहिलंत. जलप्रदूषणाच्या १९७४ च्या कायद्यात, २१ व्या कलमात, नमुना कुणी आणि कसा घ्यायचा, त्याचे दोन भाग करून सीलबंद कसे करायचे, हे सांगितलेलं आहे. आमच्या बाटल्या त्यात बसत नाहीत हे मला ठाऊक आहे, आणि बसतात असं मी कुठेही लिहिलेलं नाही. पण त्याच कायद्याचं ४९ वं कलम तुम्ही वाचलेलं दिसत नाही. १९८८ च्या दुरुस्तीपासून कोणतीही व्यक्ती ६० दिवसांची नोटीस देऊन स्वतः न्यायालयात तक्रार करू शकते. ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणजे तुम्ही, मी आणि आमचे वहीवाले गृहस्थ. तक्रार करायची तर काय झालं, कुठे झालं, कधी झालं हे आधी सांगता यावं लागतं. वही त्यासाठी असते.

त्या वहीचा मी एकदा अपमान सोसलेला आहे. एका कचेरीत ती घेऊन गेले होते. टेबलापलीकडच्या माणसाने ती उघडलीसुद्धा नाही. ‘मॅडम, रिटायर झाल्यावर वेळ जात नाही का?’ असं त्याने विचारलं आणि शेजारचा हसला. त्यानंतर आठ महिने मी दर पंधरवड्याला तिथे जात राहिले. शेवटी त्याच वहीतल्या तारखा पुढे ठेवून एक माणूस पहाटे नमुना घ्यायला आला, आणि ज्या ओढ्याचं नाव आम्ही लिहून दिलं होतं त्याच ओढ्यात झाडीआड सोडलेला पाइप सापडला. तुमचं वाक्य वाचताना मला तो हसणारा माणूस आठवला. तुम्ही तो माणूस नाही, हे मला कळतं. पण सूर तोच होता.

शुद्धीकरण प्रकल्पांबद्दल माझा तुमच्याशी वाद नाही, कधीच नव्हता. तुम्ही थेम्सचं उदाहरण दिलंत. १९५७ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने ज्या नदीला जीवसृष्टीच्या दृष्टीने मेलेली ठरवलं, ती मैलापाण्याची व्यवस्था सुधारल्यावर जिवंत झाली, हे खरंच आहे. मला त्यातलं काही नाकारायचं नाही. माझा प्रश्न साधा आहे: प्रकल्प बांधून झाला, पुढे काय? वीज गेली, पंप बंद पडला, तरी मैलापाणी यायचं थांबत नाही. ते वळवून सरळ नदीत सोडलं जातं, आणि कागदावर प्रकल्प चालूच असतो. तो आज रात्री चालू आहे की नाही हे त्याच्या खालच्या अंगाला उभ्या राहिलेल्या माणसाला नाकाने कळतं.

आणि लोक आधी, सरकार नंतर, असंही घडलेलं आहे. पंजाबातली काली बेईं ही सुमारे १६० किलोमीटरची नदी. तिथे संत बलबीरसिंग सीचेवाल यांनी २००० साली कारसेवा सुरू केली. लोक पाण्यात उतरले, हातांनी जलपर्णी आणि गाळ काढू लागले, आणि गावांचं सांडपाणी नदीऐवजी शेतीकडे वळवायचं काम त्यातूनच पुढे आलं. राजस्थानात अरवरीच्या खोऱ्यात लोकांनी आधी जोहड, म्हणजे पावसाचं पाणी अडवणारे मातीचे बांध, बांधले, नदी वाहती झाली, आणि १९९९ साली सुमारे ७० गावांनी मिळून अरवरी संसद स्थापन केली. आपल्या नदीचे नियम त्या गावांनी तिथे बसून स्वतः ठरवले. या लोकांना कुणी आधी विचारलं नव्हतं की तुमच्या कामाला कायद्यात किंमत आहे का.

नदीकाठच्या वस्तीचा मुद्दा तुम्ही मध्येच आणलात, त्याचा या विषयाशी संबंध नाही. आमच्याकडे कुणालाही मज्जाव नाही. पहाटे पाचला ज्याला यायचं असेल त्याने यावं. याहून जास्त त्यावर लिहिण्यासारखं मला काही दिसत नाही.

काही वाचकांनी तुमची प्रतिक्रिया काढून टाका असं सुचवलं. मी काढणार नाही. टीका मला चालते. वर्गात ४० मुलांसमोर फळ्यावरची माझी चूक मुलांनी दाखवली तेव्हाही मी ती पुसून दुरुस्तच केली. पण दाखवणारं मूल हात वर करून, उभं राहून बोलायचं. त्याचं नाव मला माहीत असायचं.

४ चा आकडा ५ केला आहे. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा नावानिशी लिहा.